दुसरा पत्रा

"तेल ओत," नासेर म्हणाला. "माज्यासमोर माप."

संतराम मिस्त्रीनं मान वर केली नाही. फुटलेलं इंजिन नासेरनं बैलगाडीत घालून, हिंगोलीच्या भर बाजारातून मिरवत त्याच्या दुकानात आणून टाकलं होतं. सेनगावच्या चढावर पिस्टन फुटला, नासेरची पॅसेंजरची मोटार मागं घसरून नाल्यात कोसळली आणि नासेरचा धाकटा भाऊ इनायत स्टेअरिंगवरच गेला. लढाईमुळं कंपनीचे पिस्टन मिळेनात, म्हणून संतरामनं दुसऱ्या जातीच्या मोटारीचे बसवले होते. ह्यानंच माझा भाऊ मारला, असं नासेर तेव्हापासून गावभर सांगत होता.

संतरामनं एका शाबूत सिलिंडरचा पिस्टन पार वर आणला. दवाखान्यातून मागून आणलेल्या मापाच्या ग्लासानं प्लगच्या भोकातून तेल ओतलं. मग पिस्टन खाली नेऊन पुन्हा ओतलं. खाली नेल्यावर वरच्या पाचपट तेल मावायला हवं होतं. सातपट मावलं. म्हणजे पिस्टनच्या वर जागा फार कमी उरली होती आणि आतला दाब हवा त्याहून जास्त होत होता. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलवर असं इंजिन ठोके देऊन फुटणारच.

नासेरनं त्याची गचांडी धरली. बाजार दुकानापुढं गोळा झाला. संतरामनं सोडवून घेतलं नाही. हे पिस्टन उंच होते, म्हणून जागा वाढवायला हेडखाली, म्हणजे इंजिनच्या झाकणाखाली, तांब्याचे दोन पत्रे घातले होते, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

"खोल हेड."

हेड निघालं. खाली एकच पत्रा होता.

नासेरनं तो उचलून भिंतीवर भिरकावला. "दुसरा काय गिळला का तू?"

"दुसरा घरी हाय."

गर्दी बाजूला सरली. इनायतची बायको खुर्शीदबी उभी होती. नवऱ्यामागं घरात बसायची इद्दत संपल्यावर ती आज पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर पडली होती. थोरल्या दिरासमोर तिचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. आता तो सगळ्या बाजाराला ऐकू जात होता.

"त्यांनीच काढला. मोटार जोरानं चढावी म्हणून."

"काहून?" नासेर गरजला. "मिस्त्रीनं बराबर बांधलेलं इंजिन त्यानं काहून खोललं?"

खुर्शीदबीनं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"चढावर पॅसेंजर उतरवले, म्हणून तुमी चारचौघात त्यांच्या थोबाडीत मारली होती, भाईजान."