खुर्चीतली नऊ मिनिटं

दर मंगळवारी मावशी ग्रंथालयात यायच्या आणि तीच चुरगळलेली चिठ्ठी माझ्यापुढे ठेवायच्या. भांडून गेलेली लेक टोपणनावानं पुस्तक लिहिणार होती. तिनं सांगितलेल्या शीर्षकातले मधले दोनच शब्द मावशींना आठवत होते. आमची सूची शीर्षकाच्या पहिल्या अक्षरांवरून लावलेली; सुरुवात ठाऊक नसल्यानं संगणक चाळीसच्या चाळीस लाख शीर्षकं चाळायचा. नऊ मिनिटं लागायची. तेवढा वेळ त्या समोरच्या खुर्चीत बसून लेकीबद्दल बोलायच्या. मग "नाही" यायचं. "नवी पुस्तकं येतील की पुढच्या आठवड्यात," म्हणत उठायच्या. त्यांचं ताटकळणं मला बघवेना. महिनाभर खपून मी शीर्षकांचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून त्यांची सूची बांधली, म्हणजे मधल्या शब्दांवरूनही शीर्षक झटक्यात सापडावं. आज चिठ्ठीतले शब्द टाकले. मावशी खुर्चीत टेकायच्या आधीच उत्तर आलं: नाही. "एवढ्यात झालं का?" पिशवी हातातच धरून त्यांनी विचारलं. मी स्क्रीन माझ्याकडे वळवला. "बसा, मावशी. शोधतोय अजून."