दर एकविसाव्या दिवशी

डॉक्टरीणबाईंनी अनंतचं पोट तपासलं आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. एरवी त्या उभ्या उभ्याच बोलत.

"लिव्हर घट्ट झालंय, अनंतराव. पोटात पाणीही धरलंय."

"लिव्हर?" कौशल्या म्हणाली. "यायचं दुखनं त छातीचं होतं न?"

रोगाशी झुंजणारं जे काही रक्तात असावं लागतं, ते अनंतच्या अंगात जन्मापासूनच तयार होत नव्हतं. त्याचा थोरला भाऊ त्याच दुखण्यात, लहानपणीच न्यूमोनियाने गेला होता. म्हणून १९७५पासून नऊ वर्षं, दर एकविसाव्या दिवशी, अनोळखी माणसांच्या रक्तातून काढलेला पिवळा प्लाझ्मा अनंतच्या शिरेत चढत होता. लग्नापासून कौशल्याने एकही खेप चुकू दिली नव्हती.

"त्यातल्याच कुणाच्या तरी रक्तातून कावीळ आली असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही कावीळ रक्तात ओळखायची तपासणी अजून निघालेली नाही."

"मीच त आनत होती यायले."

"तुम्ही आणलंत, म्हणून ते आज इथे बसलेत."

अनंतने शर्टाची बटणं लावली. "बंद केलं त?"

"छाती पुन्हा धरेल. वर्षभरही निघणं कठीण."

"आन चालू ठेवलं त?"

"लिव्हर हळूहळू जाईल. किती वर्षांत, ते मला सांगता येत नाही."

अनंतने कौशल्याकडे पाहिलं. मग तो उठला, नेहमीच्या खाटेवर जाऊन पडला आणि त्याने बाही वर केली. प्लाझ्माची बाटली संपेपर्यंत कौशल्या तिच्याकडे पाठ करून बसली.

दुपारच्या कोराडीच्या बसमध्ये मनोहरराव भेटले. वीजकेंद्रात ते अनंतच्याच पाळीत होते. त्याचे पिवळे डोळे, फुगलेलं पोट त्यांनी न्याहाळलं आणि ते खाली वाकले.

"वहिनीसमोर बोलू नाही, पन बाटली सोड गा आता, अनंता. लिव्हर खाऊन राहिली तुयं."

कौशल्या ताडकन वळली. अनंत मात्र हसला.

"सोडली त मरतो न, मनोहरराव."

"सगळे असंच म्हनते," म्हणत मनोहरराव पुढे सरकले.

ओठांवर आलेलं सगळं कौशल्याने गिळलं. मग भरल्या बसमध्ये, सगळ्यांच्या देखत, तिने नवऱ्याचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि कोराडी येईपर्यंत सोडला नाही.