वस्तीवरचं ड्रोन

"याचा आवाज खाली किती येते?" शोभाताईंनी विचारलं.

संघपालने ड्रोन क्लबमधल्या जोडीदाराकडे, रोशनकडे पाहिलं. समितीतल्या बाकीच्या आमदारांनी लग्नाच्या शूटिंगपलीकडे काही विचारलं नव्हतं. शोभाताईंचे प्रश्न मात्र ठाणेदारासारखे होते.

"उंच गेलं की फारसा नाही, ताई," संघपाल म्हणाला.

"म्हणजे खालच्याले पत्ताच लागत नाही. अन् चेहरा ओळखू येते?"

"कॅमेऱ्यावर असते ते. आम्ही छंद म्हणून उडवतो. कोणाच्या घरात डोकावत नाही."

"मी ते नाही विचारलं."

हौशी ड्रोनवर शहरात बंदी घालायची की नियम पुरेत, याची शिफारस हीच समिती अधिवेशनात करणार होती. संघपालच्या क्लबमधली मंडळी एकेक सुटा भाग जमवून स्वतः ड्रोन जोडत. बंदी आली की सगळं माळ्यावर जाणार होतं.

प्रात्यक्षिक खरं तर शहराबाहेर मौद्याकडे, मोकळ्या माळावर ठरलं होतं. शोभाताईंनी हट्टाने ते लकडगंजच्या या मैदानात आणलं. चहूबाजूंनी घरंच घरं. रोशन तेव्हाच म्हणाला होता, "बाई आपल्याले फसवून राहिली गा."

ड्रोनने मैदानावर गिरक्या घेतल्या. टाळ्या पडल्या आणि आमदार चहाच्या टेबलाकडे वळले. शोभाताई जागच्या हलल्या नाहीत.

"मैदानात तर पतंगही उडते. तिकडं, त्या पाण्याच्या टाकीच्या मागच्या घरांवर न्या."

"परवानगी मैदानापुरतीच हाय, ताई."

"मी सांगून राहिली ना. का लपवण्यासारखं काही हाय?"

नाही म्हणावं तर संशय वाढणार. हो म्हणावं तर समितीसमोरच नियम मोडल्यासारखं होणार. शेवटी संघपालने रिमोटची दांडी पुढे सरकवली.

स्क्रीनवर गच्च्या सरकू लागल्या. वाळत घातलेले कपडे, सोलरच्या टाक्या, मिरच्यांची परात.

"डावीकडं. अजून. बस, इथंच."

एका गच्चीवर चटई टाकून एक तरुण बाई उन्हात बसली होती. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ. तिने दचकून वर पाहिलं आणि झटकन बाळावर ओढणी घातली.

शोभाताईंना नेमकं हेच पाहिजे होतं, संघपालला वाटलं. घाबरलेली बाळंतीण आणि डोक्यावर कॅमेरा. उद्या सभागृहात एवढं सांगितलं तरी पुरे होतं.

"परत आणतो मी," तो म्हणाला.

"थांबा." शोभाताईंनी त्याचं मनगट धरलं. चहाच्या टेबलाकडे एकदा वळून पाहिलं. तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मग त्या स्क्रीनवर वाकल्या.

"थोडं खाली घे, बाबू," त्या हळूच म्हणाल्या. "माही लेक हाय ते. बाळ अजून दाखवलं नाही तिनं मले."