पहिलं ‘नको’

मिसेस हॉवर्थ ॲपल क्रम्बलचं, म्हणजे सफरचंदाच्या गोडाचं, भांडं घेऊन टेबलापाशी आल्या आणि सुलक्षणाबाईंनी रीतीप्रमाणे “नो, नो” म्हटलं.

“ओके, लव्ह,” म्हणून इंग्लंडमधल्या त्या जुन्या खाणावळीच्या मालकीणबाई भांड्यासकट आत गेल्यासुद्धा.

सुलक्षणाबाई दाराकडे बघत राहिल्या. जेवणात त्यांच्या वाट्याला उकडलेला फ्लॉवर आणि दोन बटाटे आले होते.

“आजी, तुला अजून भूक लागला आहे?” मायराने विचारलं.

“लागली. भूक लागली म्हणावं.”

“हो, पण लागला आहे का?”

आजी हसल्या. “लागलीय गं. पण विचारल्याबरोबर हो कसं म्हणायचं? हावरटपणा दिसतो. त्यांनी आग्रह करायचा, मग आपण घ्यायचं.”

“आई, इथे कुणी आग्रह करत नाही,” उदय डिजिटल कॅमेऱ्यातले फोटो बघत म्हणाला. “नको म्हणजे नकोच.”

“कळलंय ते. साताऱ्याहून तुझ्याकडे येऊन तीन आठवडे झाले.”

उदयने कॅमेरा खाली ठेवला. “म्हणजे घरीसुद्धा?”

“सीमा विचारते एकदा. मग भाजी जाते फ्रीजमध्ये. तिचं काही चुकत नाही हो.”

“अगं, मग सांगायचंस ना!”

“काय सांगू? सुनेला सांगू, मी उपाशी आहे म्हणून?”

मायरा उठून तडक स्वयंपाकघरात गेली. आतून तिचं भराभर इंग्रजी ऐकू आलं. थोड्या वेळाने मिसेस हॉवर्थ भांडं घेऊन परत आल्या. मागे मायरा.

“वुड यू लाइक सम?”

“नो, नो.”

मिसेस हॉवर्थनी मायराकडे पाहिलं. तिने मान हलवली.

“जस्ट अ लिटल?”

“अहो, कशाला उगाच...”

“गो ऑन. फॉर मी.”

“बरं. अगदी थोडं,” म्हणत सुलक्षणाबाईंनी बाऊल पुढे सरकवला.

तो काठोकाठ भरला. वरून गरम कस्टर्ड पडलं. पहिला घास गिळून त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हाताने थोपटलं.

“यू सिट. यू ईट.”

“ओह नो, आय कान्ट.”

“सिट, सिट.”

“नो, रियली, लव्ह. द किचन...”

सुलक्षणाबाईंनी खुर्ची बाहेर ओढली. “थोडं?”

मिसेस हॉवर्थनी ॲप्रनची गाठ सोडली.