नव्या गांधीलमाशीला नाव
आईने काचेच्या बरणीत लिंबाची पानं घालून अळी पाळली, फुलपाखराची वाट पाहिली आणि बाहेर पडली इवलीशी गांधीलमाशी. लेकीने ती प्रयोगशाळेत नेली, वर्षानुवर्षं ताडून पाहिली. जगाला माहीत नसलेली जात निघाली. तिला आईचं नाव द्यायचं, हे ठरलेलं. मार्गदर्शक सरांनी लेख वाचून चष्मा पुसला. "वर्णन झकास. नाव मात्र माझं दे. मी स्वतःचं नाव स्वतःच देणं शिष्टाचारात बसत नाही, म्हणून तुला सांगतोय. पीएचडीवर सही माझीच लागते ना?" नाव बदललं. घरी आईने बरणी विसळता विसळता विचारलं, "काय, दिलंस माझं नाव?" "सरांचं दिलं." "बरं. खाते काय ती?" "अळीला आतून खाते. लगेच मारत नाही; तिच्याकडूनच आपल्या कोषाची राखण करवून घेते." "मग नाव शोभतंय," आई म्हणाली. "आणि अळीला कुणाचं नाव दिलंस?"