चौथा साचा

लालसूनं घासून दिलेले तीन साचे मापाच्या मशीननं नापास केले होते. चौथाही गेला तर उद्यापासून त्याला गेट बंद, असं साहेब सकाळीच बजावून गेले. मापं घेणाऱ्या संघप्रियानं चौथा साचा मशीनवर ठेवला. तेंदूच्या पानाच्या कडेनं मुंगी चालावी, तशी मशीनची सुई साच्याच्या वळणावरून हळूहळू फिरली. पडद्यावर रेघ पुन्हा लालच उमटली.

दारात उभा लालसू मात्र गालात हसला. तिच्या मनातला संशय आणखीच घट्ट झाला.

“हसता काऊन, लालसूभाऊ? पुन्हा अर्धा मिलिमीटर जास्त! खरं सांगा, हा तरी मन लावून घासला होता का?”

“मी घासलाच नाई, मॅडम.”

“मंग?”

“गिऱ्हाइकानं नमुना म्हणून पाठवलेला साचा हाय हा. कपाटातून काढून आणला. त्यालेबी नापास करून राह्यली तुमची मशीन.”

संघप्रियानं घाईघाईनं सॉफ्टवेअर उघडलं. सुईच्या टोकावरच्या मण्याची निम्मी जाडी मापातून वजा व्हायला हवी होती, ती मिळवली जात होती. वळणाची आतली-बाहेरची बाजूच उलटी निवडलेली. निवडणारी ती स्वतःच. तिनं बाजू बदलली, तशी रेघ हिरवीगार झाली.

“चुकलं माझं, भाऊ. साहेबांना मी सांगते. तुमची नोकरी कुठी जात नाई.”

“माझं झालं, मॅडम. पण मागच्या महिन्यात असेच तीन लाल कागद दाखवून सोमाजीभाऊले घरी धाडलं तुमी. त्यायले कोण सांगन?”