दामाजीचा डावा पाय

दामाजीने पाय दाबला आणि पिकअप गपकन जागच्या जागी थांबली. दौलत मिस्त्रीचं कपाळ समोरच्या काचेवर आपटलं. शीळ रस्त्यावर सकाळपासून हे तिसऱ्यांदा होत होतं.

"नाखवा, तो ब्रेक आहे!" दौलत ओरडला. "क्लच मी काढून टाकलाय. डाव्या पायाला आता काम नाही. नुसता ठेवून द्यायचा."

"अरे, त्यो आपसूकच जातोय," दामाजी ओशाळून म्हणाला. "तीस वरसांची सवय हाय."

दोघांच्या मधे बसलेली दामाजीची बायको मनुबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

त्या पायासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. दोन महिन्यांपूर्वी कोपरीचा हा कोळी लंगडत लंगडत डोंबिवलीला दौलतच्या गॅरेजात आला होता. डाव्या पायात जोर राहिला नाही, क्लच दबत नाही, म्हणाला. मासळी सकाळी कल्याणच्या बाजारात पोचली नाही तर दुपारी तिला मांजरही विचारत नाही. भाड्याचे ड्रायव्हर उद्या नक्की येतो म्हणत आणि उगवत नसत. मनुबाईची बाजारातली जागा तिच्या सासूपासूनची, पण जुनी गिऱ्हाइकं आता शेजारणीकडे वळायला लागली होती. अजून एक पावसाळा असाच गेला असता तर जागाही गेली असती. बिनक्लचची गाडी करून दे, नाहीतर तूच ती भंगारात घाल, असं दामाजीने सांगून टाकलं.

दौलतला कुणी 'होणार नाही' म्हटलं की जेवण गोड लागत नसे. त्याने कुर्ल्याला जाऊन एका मोडक्या परदेशी गाडीचा गिअरबॉक्स उचलून आणला. आपोआप गिअर बदलणारा, वर ओव्हरड्राइव्हवाला. म्हणजे मोकळा रस्ता लागला की इंजिन दम खातं आणि गाडी मात्र पळत राहते. तो या म्हाताऱ्या पिकअपला बसवायचा म्हणजे रेड्याला घोड्याचं खोगीर. चॅसिसची आडवी पट्टी मागे सरकवली. एमआयडीसीतल्या भिवा लेथवाल्याकडून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली प्लेट कातून घेतली. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट चार बोटं कापायचा होता, तो सहा बोटं कापला गेला. मग दुसरा आणला. अख्खी गल्ली हसली. दौलतने हसू दिलं.

दामाजी आणि मनुबाई दर दोन दिवसांनी काम बघायला येत. मनुबाईचा डावा पाय लहानपणच्या तापात बारीक झालेला, आणि नवऱ्याचा हा असा नव्याने गेलेला. एकाच तालात लंगडत येणारी ती जोडी बघायला शेजारचे मिस्त्री हातातला पाना खाली ठेवत. आली की मनुबाई थेट केबिनमध्ये चढून बसे आणि हा दांडा कशाचा, तो काटा काय सांगतो, असं विचारून दौलतचं डोकं खाई.

आणि आज गाडी सुरू झाली होती. गिअर लोण्यासारखे पडत होते. इंजिनाचा आवाज चढला की दामाजीचा डावा पाय मात्र क्लच शोधत निघे आणि दाणकन ब्रेकवर पडे.

कपाळ चोळता चोळता दौलतचा हात थांबला.

"नाखवा, या पायात जोर नाही म्हणालेलात ना?"

दामाजीने डावा पाय हळूच सीटखाली ओढून घेतला.

"सांग आता," मनुबाई म्हणाली. "नायतर मिस्त्रीचं डोकं फोडशील."

"पाय माझा नाय रं," दामाजी म्हणाला. "हिचा हाय. होडीवरचा जोडीदार माझा गाव सोडून गेला. मी होडीवर नाय गेलो तर मासळी येणार कुठून? आन् मी होडीवर गेलो तर गाडी हाकणार कोन?"

दौलतला राग आला. खराच आला. दोन महिने त्याने चॅसिसखाली पाठ घासली होती. "मग मला पहिल्यांदाच सांगायचं की!"

"ठाण्यात दोन मिस्त्र्यांना सांगलं, गाडी ही हाकणार. पोट धरून हसले. एक बोलला, हिला आधी धड चालू दे. मंग तुझ्याकडं येताना हिचा पाय मीच घेतला."

मी हसलो नसतो, असं म्हणायला दौलतने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. हसला असता तो. सगळ्यात मोठ्याने हसला असता.

"वहिनी, तुम्ही बसा स्टिअरिंगवर," तो म्हणाला.

दामाजी उतरून दुसऱ्या बाजूने चढला आणि मनुबाई स्टिअरिंगमागे सरकली. शिकाऊ लायसन तिने गेल्याच आठवड्यात गुपचूप काढलं होतं. उजवा पाय तिने हलकेच दाबला. डावा पाय जिथे ठेवला तिथेच राहिला. गाडी निघाली, एकेक गिअर आपोआप चढत गेला. रस्ता मोकळा झाला, इंजिनाचा आवाज खाली आला आणि पिकअप वाऱ्यासारखी सुटली. मनुबाई आता हसत नव्हती. डोळे भरून येत होते, पण पुसायला हात सोडायची तिची तयारी नव्हती.

चहाच्या टपरीपाशी तिने गाडी अलगद थांबवली. दामाजी खाली उतरला आणि लंगडत टपरीकडे निघाला.

"आता पुरे की नाखवा," दौलत हसत म्हणाला. "मला कळलंय सगळं."

"आता खराच धरलाय रं," दामाजी गुडघा दाबत म्हणाला. "दोन महिने हिच्यासारखं चाललो, तर ही गत. हिनं चाळीस वरसं कशी काढली असतील?"